स्पीडलोडरने रिव्हॉल्वर भरताना शेवटचं काडतूस अडकतं: दोष लोडरचा, मुठीचा की हाताचा?

डेटनकर

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, इथे ओहायोत घराजवळच्या क्लबात महिन्यातून एकदा रिव्हॉल्वरच्या स्पर्धेला जातो. बंदूक स्मिथ अँड वेसन ६८६, चार इंची नळी, सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरं. काडतुसं .३८ स्पेशल. नेम बरा आहे, ट्रिगरही आता हाताला बसलाय, पण रीलोडला, म्हणजे बंदूक पुन्हा भरताना, मी हमखास मागे पडतो. टायमरवर सहाव्या आणि सातव्या गोळीत साडेसहा-सात सेकंद जातात. माझ्याच वयाचे बाकीचे लोक चारात उरकतात.

नेमकं काय होतं ते सांगतो. सिलिंडर उघडतो, रिकाम्या पुंगळ्या पाडतो, पट्ट्यावरचा स्पीडलोडर (सहाही काडतुसं एकदम भरायचं साधन) काढतो, सहाही काडतुसांची टोकं घरांत बसतात. इथपर्यंत सगळं ठीक. लोडर सोडला की पाच काडतुसं सरकन आत जातात आणि एक, मुठीच्या बाजूचं, नखभर वर राहतं. ते अंगठ्याने दाबावं लागतं, नाहीतर सिलिंडर बंदच होत नाही. कधी कधी पुंगळ्या पाडतानाच एखादी आत राहते, मग सगळाच खोळंबा.

दोन प्रकारचे लोडर वापरून पाहिले, घुंडी फिरवून सोडायचा आणि नुसता दाबून सोडायचा. दोन्हींत तेच. आता तिसरा, महागातला, स्प्रिंगने काडतुसं आत ढकलणारा घ्यायच्या विचारात आहे. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगावं.

रानवारा

बंदुकीची मूठ कोणती आहे? मूळची रबरी की बदललेली? डाव्या बाजूचा फोटो टाका.

डेटनकर

बदललेली आहे. अक्रोडाच्या लाकडाची, रुंद, हातात छान भरते. सेकंडहँड मालाच्या एका दुकानातून घेतली. फोटो टाकलाय. मुठीचा काय संबंध?

सदा_सिएटल

डेटनकर, सगळा संबंध मुठीचाच आहे. तिसरा लोडर घेऊ नका, निदान आत्ता तरी.

उघडल्यावर सिलिंडर कुठे येतो ते नीट बघा. तो चौकटीच्या डावीकडे बाहेर येतो, पण फार लांब जात नाही. त्याची मागची बाजू मुठीच्या डाव्या फळीच्या वरच्या टोकाला अगदी खेटून असते. काडतुसं सुटी भरताना हे जाणवत नाही, कारण बोटं एकेका घरापाशी हवी तशी वाकतात. लोडर वाकत नाही. तो सहाही काडतुसं एकदम, सरळ रेषेत आणतो आणि त्याचा घेर सिलिंडरएवढाच असतो. म्हणजे आत जाताना त्याला मुठीशेजारी स्वतःच्या अंगाएवढी मोकळी जागा लागते. मूठ तिथे फुगलेली असेल तर लोडर एका बाजूने टेकतो आणि तिरपा होतो. पाच काडतुसं सरळ उतरतात, सहावं मूठ आणि लोडर यांच्यामध्ये चेपून बसतं. तुमचं नखभर वर राहणारं काडतूस ते हेच.

फोटोत दिसतंय, तुमच्या मुठीची डावी फळी वरपर्यंत एकसारखी जाड आहे. खाचच नाही. हे लाकूड प्रदर्शनात मांडायला किंवा एकेक काडतूस भरून निवांत नेमबाजी करायला उत्तम. लोडरसाठी केलेल्या मुठीला डाव्या फळीत वर एक वाटीसारखा खोलगट भाग असतो. बऱ्याच रबरी मुठींना तो साच्यातच असतो. लाकडी मुठींचा मात्र भरवसा नाही. काहींना खाच असते, पण ती दिसण्यापुरती.

पैसे खर्च करण्याआधी एक करून बघा. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. लोडरमध्ये सरावाची नकली काडतुसं भरा आणि लोडरच्या कडेला फळ्यावरचा खडू चांगला चोळा. आता नेहमीसारखं दहा वेळा भरा. मुठीवर पांढरं कुठे उमटतं ते बघा आणि इथे लिहा.

जुना_आरमोरर

सदा यांचं म्हणणं तंतोतंत खरं. मी पोलीस खात्यात आरमोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा, होतो, पुण्यात आणि नंतर नाशकात. आमच्या काळी फौजदार आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे .३८ ची रिव्हॉल्वर असायची, वेब्ली आणि एनफिल्ड धाटणीची. मधोमध बिजागरीवर मोडणारी. वरची खिट्टी दाबून नळी खाली वाकवली की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळ्या उचलणारी चांदणी, आपोआप वर येतो आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. पुंगळ्या बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड ठोकायची भानगड नाही.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्या रिव्हॉल्वरमध्ये मूठ आडवी येतच नाही. बंदूक मोडली की सिलिंडरची मागची बाजू आभाळाकडे उघडी होते, आजूबाजूला काही नाही. वरून ताट ठेवावं तशी सहा काडतुसं ठेवता येतात. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात .४५५ च्या वेब्लीसाठी प्रिडो नावाचा लोडर वापरला तो याच सोयीवर. आमच्याकडे मात्र लोडर कधी आले नाहीत. कमरेच्या चामडी पाकिटातून एकेक राउंड काढायचा आणि भरायचा.

त्या बंदुकीची एक खोड होती, ती तुमच्याही कामाची आहे. बिचकत बिचकत, हळू मोडली तर एखादी पुंगळी अर्धवट वर यायची आणि एक्स्ट्रॅक्टर खाली बसताना त्याच्याखाली शिरायची. मग ती नखाने किंवा पेन्सिलीने काढत बसा. म्हणून प्रत्येक तुकडीला मी सांगायचो, मोडायची तर एका झटक्यात, पूर्ण. तुमच्या पुंगळ्या आत राहतात त्याचं मूळही हातातच असावं असं मला वाटतं.

निफाडकर

काका, विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडे परवान्यावर कानपूरची .३२ आहे, तीही मोडणारीच. आपल्याकडे .३८ सामान्य माणसाला मिळत नाही, प्रतिबंधित बोअर. माझा मळा गावापासून लांब आहे. .३२ साठी लोडर मिळतो का? आणि नसेल तर पटकन भरायची काही रीत?

जुना_आरमोरर

निफाडकर, दुसऱ्या बंदुकीसाठी केलेला लोडर बळंच वापरू नका. घरांमधलं अंतर दोराभर जरी वेगळं असलं तरी सहापैकी दोनच टोकं बसतील आणि बाकीची काठावर आपटतील. त्यापेक्षा दोन-दोन भरायची सवय लावा. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत दोन काडतुसं शेजारी धरायची, दोन शेजारच्या घरांत एकदम सोडायची, सिलिंडर दोन घरं फिरवायचा, पुन्हा दोन. तीन फेऱ्यांत सहा. सहा वेळा चिमटीत धरण्यापेक्षा निम्म्या वेळात होतं. .३२ चं काडतूस आखूड असल्याने बोटात नीट बसतं. परवान्यात जेवढ्या राउंडची नोंद असेल तेवढ्यातच, आणि सराव रेंजवरच. मळ्यात नको.

रेवती_ह्यूस्टन

पुंगळ्या आत राहण्याबद्दल मी लिहिते, कारण ते मी तीन वर्षं भोगलंय.

डेटनकर, पुंगळ्या पाडताना नळी कुठे असते? बहुतेक जण नळी जमिनीला समांतर ठेवूनच रॉड दाबतात. नळी सरळ आभाळाकडे करा. (रेंजच्या नियमात बसत असेल तरच, काही ठिकाणी चालत नाही. तिथे निदान जमेल तेवढी वर.) नळी वर असली की पुंगळ्या स्वतःच्या वजनाने पडतात. शिवाय न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जाता बाहेर पडतात. चांदणीखाली चार-पाच कण जरी अडकले तरी ती पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर फिरायला जड जातो. लोक लोडरला दोष देतात आणि खरा दोष तिथे असतो.

रॉड दाबताना हळू ढकलू नका. एकदाच, तळहाताने, सणकून आणि शेवटपर्यंत. दोनदा ठोकलं तर पहिल्या वेळी वर आलेली पुंगळी परत खाली बसताना चांदणीखाली शिरते. आरमोररकाका वेब्लीबद्दल म्हणाले तेच.

नळीच्या लांबीचाही फरक पडतो. .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मिमी लांब, .३५७ मॅग्नमची ३२.८. चार इंची बंदुकीत रॉडला सरकायला भरपूर जागा असते, त्यामुळे तुम्हाला तो प्रश्न नाही. माझी पहिली रिव्हॉल्वर दोन इंची, पाच घरांची होती. तिचा रॉड नळीखाली मावावा म्हणून आखूड केलेला असतो, पुंगळी पूर्ण बाहेर येईपर्यंत तो पोचतच नाही. उरलेलं काम गुरुत्वाकर्षणाने करायचं. घरं स्वच्छ असतील तर होतं. काजळी धरलेली असेल तर दोन पुंगळ्या हमखास लोंबकळत राहतात आणि बोटाने ओढाव्या लागतात. त्या बंदुकीला नुसता लोडर घेऊन वेग येत नाही, हे कोणी मला आधी सांगायला हवं होतं.

आणि मी डावखुरी आहे. रिव्हॉल्वर उजव्या हातवाल्यांसाठीच घडवलेली, खिट्टी डावीकडे, सिलिंडर डावीकडे. मी बंदूक डाव्या हातातच ठेवते, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने खिट्टी ढकलते आणि उजव्या हाताने लोडर आणते. त्यामुळे मला पट्टा उजवीकडे लावावा लागतो. पण सवय झाल्यावर बंदूक हातातून हातात द्यावी लागत नाही. एका अर्थाने फायदाच.

डेटनकर

खडूचा प्रयोग केला. रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो होतो. दहा वेळा भरलं. मुठीच्या डाव्या फळीवर, वरच्या कडेपासून साधारण दोन बोटं खाली, नखाएवढा चंद्रकोरीसारखा पांढरा ठसा. दहाही वेळा तिथेच! लोडर फिरवून धरला तरी तिथेच. सदा, तुम्ही जिंकलात. दोन वर्षं मी स्वतःच्या अंगठ्याला दोष देत होतो.

आणि रेवतीताई, मी दोनदाच ठोकत होतो. बायकोने व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं.

मधुकर_पी

एवढा खटाटोप कशाला, मून क्लिप वापरा. एक चपटी पोलादी चकती, तिच्या खाचांत सहा काडतुसं, ती चकतीसकट घरात जातात आणि चकतीसकटच बाहेर पडतात. सोडायला काही नाही, घुंडी नाही, बटण नाही. पुंगळी चांदणीखाली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने सप्टेंबर १९९९ मध्ये स्मिथ अँड वेसन ६२५ ने सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडल्या त्या मून क्लिपवरच. लोडरने ते होणे नाही.

आठ घरांच्या बंदुकीवाले तर मुद्दाम .३८ शॉर्ट कोल्ट वापरतात. पुंगळी १९ मिमीच्या आसपास, म्हणजे क्लिपमध्ये ती हेलकावत नाही आणि बाहेरही लगेच पडते.

सदा_सिएटल

मधुकर, वेगाबद्दल वाद नाही. पण त्यांच्या ६८६ चा सिलिंडर क्लिपसाठी कापलेला नाही. तो मशीनवर कापून घ्यावा लागेल, आणि क्लबच्या नियमात कापलेली बंदूक वेगळ्या गटात जाईल. शिवाय क्लिप जराशी वाकली की सिलिंडर घासतो, म्हणून प्रत्येक क्लिप सपाट काचेवर ठेवून तपासावी लागते. क्लिपचा जन्मही सोयीतून नाही, टंचाईतून झालेला. १९१७ मध्ये अमेरिकेच्या फौजेला पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमध्ये पिस्तुलाची .४५ ची काडतुसं घालायची ठरली. त्या काडतुसांना बाहेर आलेली कडा नसते, मग चांदणी पकडणार कशाला? त्यासाठी तीन-तीन काडतुसांची अर्धी क्लिप आली.

आता लोडरकडे येतो, कारण डेटनकरांकडे दोन प्रकार आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी.

घुंडी फिरवायच्या लोडरमध्ये, एचकेएससारख्या, काडतुसं थोडी डुलतात. सुरुवातीला ते कच्चं वाटतं, पण त्याचा फायदा आहे. टोकं घरांच्या तोंडाशी आली की प्रत्येक काडतूस आपापली वाट शोधतं. तोटा घुंडी फिरवताना. उघडा सिलिंडर मोकळा फिरतो, त्यामुळे घुंडी फिरवली की सिलिंडरही तिच्याबरोबर फिरतो आणि काडतुसं सुटत नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं चौकटीतून पलीकडे काढून सिलिंडर घट्ट धरून ठेवायचा.

दाबायच्या लोडरमध्ये, सफारीलँडसारख्या, काडतुसं पक्की बसलेली असतात आणि मधलं बटण चांदणीवर टेकलं की सहाही सुटतात. हात सरळ रेषेत आला तर यासारखं सोपं काही नाही. पण रेष जरा तिरपी झाली की बटण अर्धवट दाबलं जातं. आणि तिरपी होण्याचं पहिलं कारण पुन्हा तीच मूठ. स्प्रिंगवाल्या मोठ्या लोडरचा घेर आणखी जास्त, त्याला जागाही जास्त लागते. तुम्ही तो घेतला असतात तर आणखी अडकला असता.

भरताना नळी खाली, जमिनीकडे. रेवतीताईंनी सांगितलेलं पाडण्याचं उलटं. हे बऱ्याच जणांचं राहून जातं. पुंगळ्या पाडून झाल्यावर नळी तशीच आडवी ठेवतात आणि मग काडतुसं ढकलत बसतात.

गोळीचा आकारही बघा. सपाट तोंडाची वॉडकटर कागदावर सुंदर गोल भोक पाडते, पण घराच्या काठावर अडते, तिला स्वतःहून आत शिरता येत नाही. गोल टोकाची गोळी घसरत आत जाते. रीलोड असलेल्या स्पर्धेत मी गोल टोकाशिवाय दुसरी वापरत नाही. काही जण घरांचे काठ घासून उतरते करून घेतात. ते काम जाणत्या बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं. चांदणीवरचा काठ जास्त घासला गेला तर काडतुसाची कडा धरायला तिथे धातूच उरत नाही, आणि मग पुंगळ्या आतच राहतात.

वाचक_अमरावती

वाचतोय. बंदुकीशी संबंध नाही, पण यंत्र म्हणून समजून घ्यायला आवडतंय. एक विचारू का? पोलिसांनी हे लोडर एवढ्या उशिरा का घेतले? वर काकांनी लिहिलंय तो इंग्रजांचा लोडर तर पहिल्या महायुद्धातला.

रेवती_ह्यूस्टन

अमेरिकेपुरतं सांगते. ५ आणि ६ एप्रिल १९७० च्या मधल्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ हायवे पेट्रोलचे (महामार्ग पोलिसांचे) चार तरुण अधिकारी दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. चौथा अधिकारी पाकिटातली सुटी काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये भरत असतानाच गुन्हेगार त्याच्यापर्यंत पोचला. त्यानंतर तिथल्या प्रशिक्षणाची फेरतपासणी झाली आणि हायवे पेट्रोलने स्पीडलोडर स्वीकारले. त्याआधी लोडर बाजारात होते, पण पट्ट्यावर चामडी पाकीट लावायची रीत इतकी जुनी होती की ती बदलावीशी कोणाला वाटली नव्हती. मी रेंजवर जेव्हा टायमरकडे बघून वैतागते तेव्हा मला तो चौथा अधिकारी आठवतो. आपल्यासाठी हा खेळ आहे. त्याच्यासाठी नव्हता.

जुना_आरमोरर

रेवतीताई, बरं केलंत लिहिलंत. आमच्या पाकिटांत सहाच राउंड असायचे. पाकीट उघडून उलटं केलं की सहाही तळहातावर, आणि त्यातले दोन जमिनीवर. पावसाळ्यात चामडं फुगलं की पाकीट उघडायचंच नाही. मी वरिष्ठांना दोनदा लेखी दिलं होतं. असो.

डेटनकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण नीट करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मूठ काढून घेतली. बंदुकीवर असताना घासू नका असं सदांनी निरोपात सांगितलं होतं, लाकडाचा भुसा आत जातो. खडूच्या ठशाभोवती पेन्सिलीने रेघ मारली आणि अर्धगोल कानशीने थोडं थोडं घासलं. दर वीस-तीस घासांनंतर मूठ परत लावायची, खडू चोळायचा, भरून बघायचं. पहिल्या दिवशी ठसा खाली सरकला. दुसऱ्या दिवशी अर्धा झाला. तिसऱ्या दिवशी लोडर आला, सहाही काडतुसं उतरली आणि रिकामा लोडर आपोआप खाली पडला. टप्कन आवाज झाला. मी तसाच बसून राहिलो, मग लगेच पुन्हा भरून पाहिलं. दहापैकी दहा वेळा तसंच. मग पॉलिश पेपरने कडा गोल केल्या.

परवाच्या स्पर्धेत रीलोड ४.३, ४.१ आणि एकदा ५.२. पाचवाली चूक माझी, नळी खाली करायला विसरलो. एकही पुंगळी अडकली नाही. लोडर जुनाच, दाबून सोडायचा. तिसरा घेतलाच नाही. वाचलेल्या पैशांत चार डबे काडतुसं आली.

एक शंका. घासलेल्या जागी लाकूड उघडं पडलंय, रंगही फिका दिसतो. वॉर्निश मारू का?

जुना_आरमोरर

वॉर्निश नको. त्याचा थर चढतो, आणि तुम्हाला हवी ती जागा परत भरत जाते. उकळलेलं जवसाचं तेल घ्या, फडक्याच्या टोकाने चार थेंब चोळा, रात्रभर वाळू द्या. असं तीन-चार दिवस. उघडं लाकूड घाम पितं आणि फुगतं, तुमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात तर नक्कीच. फुगलं की पुन्हा तिथेच घासायला लागेल. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं. दोरीवर पसरून वाळवा. आणि तेल वाळल्यावर एकदा खडू लावून बघा.